बेथलेहेम आणि बेथेल

25 डिसेंबर हा नाताळचा सण. या दिवसांत ख्रिस्ती लोक घरावर चांदणी लावतात, गव्हाणीचा देखावा मांडतात व शेजाऱ्यांकडे फराळ पाठवितात. पण गव्हाणीच का? येशूचा जन्म बेथलेहेम नगरीत झाला, त्या रात्री त्याच्या मातापित्यांस धर्मशाळेत जागा मिळाली नाही. बाळास गव्हाणीत निजवावे लागले, अशी कथा आहे.

बेथलेहेम म्हणजे 'भाकरीचे घर'. आपल्या जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव आहे. बेथेल म्हणजे 'देवाचे घर'. अस्पृश्य मानून ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले जाई, त्यांतील ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांसाठी रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ते 19व्या शतकात वसविले. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी त्यासाठी जमीन दिली. ज्यांना गावात जागा नव्हती, त्यांना गाव मिळाले. गव्हाणीची कथा त्यांना आपलीच वाटली असेल, यात नवल ते काय?