वायकीकीच्या वाळूंतील कोट

दुर्ग म्हटला कीं उंच तट, बुरूज आणि दिंडीदरवाजा आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांत, होनोलूलू शहराच्या वायकीकी किनाऱ्यावर फोर्ट डी रुसी नांवाचा कोट आहे, त्यांत यांपैकीं कांहींच नाहीं. तो ठेंगणा, जमिनीला बिलगलेला. मात्र समुद्राकडील त्याची भिंत सुमारें २२ फूट जाड, आणि तीही लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटची!

ही बेटें १८९८ सालीं अमेरिकेनें आपल्या राज्यास जोडलीं. बंदराच्या रक्षणासाठीं १९०४ पासून लष्करानें येथें सुमारें ७२ एकर जमीन मिळविली. तेथें मूळ रहिवाशांचीं मत्स्यतळीं होतीं; तीं भराव घालून बुजविण्यांत आलीं. ज्या पाण्यानें पिढ्यान्‌पिढ्या लोकांस अन्न पुरविलें त्याचा उल्लेख कोटाच्या वर्णनांत एका ओळींत उरकतो, म्हणून येथें मुद्दाम केला.

१९११ च्या सुमारास बांधलेल्या मुख्य मोर्च्यास रँडॉल्फ बॅटरी म्हणत. तींत १४ इंच तोंडाच्या दोन तोफा होत्या. त्यांची रचना मोठी चतुराईची. भारी वजनाच्या योगानें तोफ भिंतीवर डोकें काढी, गोळा सोडी, आणि त्याच धक्क्यानें मागें झुकून पुन्हां भिंतीआड दडून बसे. शत्रूच्या मनवारीस ती क्षणमात्रच दिसावी, हा हेतु. पाऊण टनाच्या आसपास वजनाचा गोळा ती कित्येक मैल दूर फेकी.

कौटिल्यानें दुर्गांचे औदक, पार्वत, धान्वन आणि वन असे चार प्रकार सांगितले. आकाशांतून येणाऱ्या शत्रूचा विचार त्यास करावा लागला नाहीं. पण या कोटाच्या कर्त्यांनींही तो केला नव्हता. ७ डिसेंबर १९४१ रोजीं, रविवारीं सकाळीं, जपानी विमानांनीं जवळच्याच पर्ल हार्बरवर बाँब टाकले. आपल्या भाषेंत ‘हवाई’ या शब्दाचा जो अर्थ आहे तोच त्या बेटांच्या वांट्यास यावा, हा केवळ योगायोग! समुद्राकडे तोंड करून बसलेल्या त्या अवाढव्य तोफांचा त्या दिवशीं कांहीं उपयोग झाला नाहीं. पुढें किनाऱ्यावर कांटेरी तारा आल्या, रात्रीं दिवे झांकले गेले, आणि लष्करी कायदा १९४४ च्या ऑक्टोबरापर्यंत राहिला. शत्रूच्या जहाजावर एकही गोळा न टाकतां त्या तोफा अखेर मोडींत गेल्या.

कोटास खरें काम मिळालें तें निराळेंच. १९६६ पासून व्हिएतनामच्या युद्धांतील शिपायांस सुटीवर येथें आणूं लागले. विवाहित शिपाई बहुधा होनोलूलूच मागत. कारण बायकोस अमेरिकेहून विमानानें तेथें येतां येई. मोटारी आवारांत शिरत, आणि वाट पाहणाऱ्या स्त्रिया उतरणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याकडे पाहत राहत. पांच-सहा दिवस बरोबर काढायचे, आणि मग त्यानें पुन्हां रणांगणाकडे जावयाचें! पहिल्या निरोपापेक्षां हा दुसरा निरोप कठीण, असें मला वाटतें. पहिल्या वेळीं काय पाहावें लागणार हें त्याला ठाऊक नव्हतें.

पुढें रँडॉल्फ बॅटरी पाडावयाचें ठरलें. भिंतीवर आपटावयाचा लोखंडी गोळाच फुटला, असें तेथें सांगतात. कांहीं असो, पाडण्याचा नाद सोडावा लागला, आणि ७ डिसेंबर १९७६ रोजीं तिच्यांत लष्कराचें संग्रहालय उघडलें.

तत्पूर्वीं, १९७५ सालीं, शेजारींच ‘हाले कोआ’ ही लष्करी अतिथिशाळा झाली होती. या हवाईयन शब्दांचा अर्थ ‘योद्ध्याचें घर’. १९९५ सालीं दुसरी इमारत झाल्यावर खोल्या आठशेंहून अधिक झाल्या. येथें उतरण्याचा हक्क नोकरींतील व निवृत्त सैनिक आणि त्यांचीं कुटुंबें यांस आहे. भाडें हुद्द्याप्रमाणें असतें. साध्या शिपायास कमी, मोठ्या अंमलदारास जास्त. ही व्यवस्था मला फार पसंत पडली. समोरची वाळू व समुद्र मात्र सर्वांस मोकळा आहे; तेथें कोणी हुद्दा विचारीत नाहीं.