द्यूत, ऋण आणि बँकेचें दार

द्यूत आणि ऋण हीं जुळीं भावंडें होत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत जो जुगारी आहे, तो कर्जांत बुडालेला आहे. भयभीत होऊन पैशाच्या शोधांत तो रात्रीं परक्यांच्या घरांकडे वळतो. आजच्या जुगाऱ्याला तेवढेंही चालावें लागत नाहीं. फांसे, पट आणि सावकार हे तिन्ही त्याच्या खिशांतील मोबाईलमध्यें येऊन बसले आहेत. अंथरुणावर पडल्या पडल्या डाव मांडतां येतो, आणि खात्यांत पैसा नसला तर क्रेडिट कार्ड तो उसना पुरवितें. म्हणून या व्यसनाचा विचार करतांना केवळ खेळाकडे पाहून भागणार नाहीं. पैसा कोणत्या दारानें जातो हें पाहिलें पाहिजे.

आपल्या शास्त्रकारांत या बाबतींत दोन मतें दिसतात. राजानें द्यूत राज्यांतून नाहींसें करावें, असें मनूचें सांगणें. कौटिल्य अधिक व्यवहारी. त्यानें द्यूताध्यक्ष नेमला, खेळ नेमल्या जागींच चालावा असें ठरविलें, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड सांगितला आणि जिंकलेल्या द्रव्यांतून शेकडा पांच राजभाग घेतला. मार्ग भिन्न असले तरी कौटिल्याचें मर्म आजही उपयोगी आहे: ज्या मुखांतून पैसा जातो, तें राजाच्या नजरेखालीं असावें.

या तत्त्वाची परीक्षा जुन्या मुंबई राज्यांत झालेली आहे. त्या काळीं बक्षिसांच्या शब्दकोड्यांचें वेड पुष्कळ घरांत शिरलें होतें. ‘स्पोर्टिंग स्टार’ नांवाचें पत्र बंगलोरहून निघे व तशीं कोडीं चालवी. चालक राज्याबाहेरचे, परंतु पत्र येथें खपे, आणि भरलेलीं कोडीं व प्रवेशशुल्क गोळा करण्याचीं ठिकाणें येथें होतीं. मुंबई सरकारनें कर बसवितांच चालक म्हणाले, आमचा धंदा तुमच्या हद्दीबाहेरचा. १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, कीं लोकांकडून शुल्क व कोडीं येथें गोळा होतात, तेव्हां राज्याचा अधिकार तेथवर पोंचतो. शिवाय द्यूत हा मुळीं व्यापारच नव्हे, म्हणून व्यापारस्वातंत्र्याचें संरक्षण त्यास मिळणार नाहीं. सरन्यायाधीश दास यांनीं त्या निकालपत्रांत ऋग्वेद, महाभारत व मनु यांचे दाखले दिले आहेत.

ऑनलाइन जुगाराचा चालक तर पुष्कळदां समुद्रापलीकडे असतो. त्यास पकडणें कठीण. पैशाची वाट अडविणें त्या मानानें सोपें. अमेरिकेनें २००६ सालीं कायदा करून हीच वाट धरली. ब्रिटननें १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डानें जुगार खेळण्यास बंदी केली. आपल्याकडील मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा. तो अड्ड्यांसाठीं रचलेला. संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें जो कायदा संमत केला, त्यांत पैसे लावून खेळावयाच्या सर्व ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, मनाई सांगितली आहे. खेळ चालविणाऱ्यास, तसेंच त्याचे पैशाचे व्यवहार पार पाडणाऱ्यास, तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. नुसत्या खेळणाऱ्यास शिक्षा नाहीं. बुडणाऱ्यास न मारतां द्वारपालास जबाबदार धरणारा हा विचार मला योग्य वाटतो.

उसन्या पैशाचें भय अधिक कां? द्यूतसभेंत द्रौपदीनें विचारलें, राजा आधीं स्वतःला हरला कीं मला? जो स्वतःच हरला, त्याला दुसऱ्यास पणास लावण्याचा अधिकार कोठला? कार्डावर डाव लावणाराही जें आपलें नाहीं तेंच पणास लावितो. स्वतःच्या पैशाचा डाव खिसा रिकामा होतांच थांबतो. उसन्याचा थांबत नाहीं. थकलेल्या रकमेवर महिन्यास शेकडा तीन रुपये व्याज धरलें, तरी १०,००० रुपयांचे वर्षअखेर १४,००० च्या वर होतात. पुष्कळ कार्डांचा दर याहूनही अधिक असतो.

कायदा कडक असला तरी फटी राहतातच. बेकायदा चालक विद्यार्थ्यांचीं व मजुरांचीं खातीं चार पैसे देऊन वापरावयास घेतात आणि त्यांतून पैसा फिरवितात. आमच्या राहुरींत कृषि विद्यापीठामुळें परगांवचीं मुलें राहतात. कांद्याच्या पट्टीचा व उसाच्या बिलाचा पैसाही आतां खात्यांत जमा होतो. पूर्वीं तो वडिलांच्या हातांतून तिजोरींत जाई व घरांतील चार माणसांस ठाऊक असे. आतां तो न दिसतां येतो आणि न दिसतां जातो. म्हणून खात्याचा उतारा दरमहा घरांत मिळून वाचावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानें २०२० पासून कार्डाचे ऑनलाइन व परदेशी व्यवहार ग्राहकास स्वतः बंद करतां येतात किंवा त्यांस मर्यादा घालतां येते. मुलांच्या हातीं कार्ड देण्यापूर्वीं हें अवश्य करावें. आपलें खातें दुसऱ्या कोणासही वापरूं देऊं नये.

आणि एवढें करूनही घरांतील कोणी हरलाच, तर चारचौघांत त्याची शोभा करूं नये. धाकामुळें तो खरी रक्कम लपवितो आणि ती फेडण्यासाठीं पुन्हां डाव मांडतो. देणें किती तें शांतपणें विचारावें, कागदावर मांडावें, आणि मन ताब्यांत राहत नसेल तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर सल्ला घ्यावा. अक्षसूक्तांतल्या जुगाऱ्यास रात्रीं परक्यांचीं घरें शोधावीं लागलीं; आपल्या मुलास स्वतःच्या घराचें दार उघडें असावें.