अ‍ॅक्युपंक्चर बिंदूंवर विद्युत-चुंबकीय उपचार: दुखणे कमी होते का?

गुडघेदुखी, कंबरदुखी, मानदुखीसाठी 'सुई न टोचता अ‍ॅक्युपंक्चर' करणारी यंत्रे सर्रास विकली जातात. विकत घेण्याआधी त्यांत नेमके काय होते ते समजून घ्या.

या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे नुसते लोहचुंबक: पट्टा, गादी, बांगडी. दुसरी, त्वचेवर पट्ट्या चिकटवून सौम्य वीज देणारे टेन्स यंत्र. तिसरी, तारेच्या वेटोळ्यातून सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार करणारे यंत्र. नस उत्तेजित होते ती विजेने. चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तरच त्यातून वीज निर्माण होते, हे फॅरडेने १८३१ मध्येच दाखवले. पट्ट्यातले चुंबक स्थिर असते, त्यामुळे नसेला जाग येईल इतकी वीज त्यातून मिळत नाही. तेव्हा चुंबकाच्या गादीवर पैसे घालवू नका.

वीज मात्र काम करू शकते. ठेच लागली की आपण ती जागा चोळतो. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला हा 'गेट' सिद्धांत. टेन्सच्या मुंग्यांचा परिणाम बराचसा असाच होतो. शिवाय सुयांमधून सेकंदाला सुमारे दोन ठोके अशी संथ वीज दिली तर शरीरातली अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये (एंडॉर्फिन वगैरे) स्रवतात, असे प्रयोगांत दिसले आहे.

मग बिंदूंचे काय? जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेला, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी आहे. त्यात साध्या सुया होत्या, वीज नव्हती. सहा महिन्यांनी पारंपरिक बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्के, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्के, आणि औषधे, फिजिओथेरपी, व्यायाम घेणाऱ्यांपैकी २७ टक्के रुग्णांना चांगला फरक पडला. म्हणजे उपचाराने आराम पडतो, पण बिंदू अचूक सापडलाच पाहिजे असे नाही. 'आमचे यंत्र नेमका बिंदू शोधते' म्हणून जादा किंमत सांगणाऱ्याला हे जरूर ऐकवा.

बदलत्या चुंबकीय क्षेत्राला अमेरिकेत १९७९ पासून मान्यता आहे, हे विक्रेते सांगतात. ते खरे आहे. पण ती मान्यता न जुळणाऱ्या हाडांसाठी होती, बिंदूंवरच्या वेदनाशमनासाठी नव्हे.

टेन्स वापरून पाहायला हरकत नाही. मात्र आराम बहुधा यंत्र चालू असेपर्यंत आणि नंतर थोडा वेळच टिकतो, म्हणून स्नायूंचे व्यायाम सोडू नका. पेसमेकर किंवा कानातले कॉक्लिअर यंत्र बसवलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि फिट येणाऱ्यांनी ही यंत्रे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत. गळ्यावर पुढच्या बाजूला पट्टी कधीच लावू नका. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर चटका बसलेलाही कळत नाही.

कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा ताप आला, अथवा छातीत दुखून डाव्या हातात कळ येऊ लागली, तर यंत्र बाजूला ठेवा आणि सरळ रुग्णालय गाठा.