वीस वर्षांची, पण कुठून मोजलेली?

लेबल वाचताना : भाग ९

गेल्या आठवड्यात रेशनच्या तांदळाच्या पोत्यावरचा ‘फोर्टिफाइड’ हा शब्द आपण पाहिला. लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेला तांदूळ, एवढाच त्याचा अर्थ. तो भाग वाचून भाच्याचा फोन आला. “मामा, मी लिस्बनहून बाटली आणली ना, तिथे दुकानाच्या पाटीवरही फोर्टिफाइडच लिहिलं होतं. हिच्यात पण लोह आहे का?”

नाही. हिच्यात दारूत दारू घातलेली आहे. द्राक्षाचा रस आंबत असतो, त्यातली निम्मीअर्धी साखर अजून शिल्लक असते आणि नेमक्या त्या वेळी त्यात ७७ टक्क्यांचा द्राक्षाचाच अर्क ओततात. साधारण चार भाग रसाला एक भाग अर्क. यीस्ट तिथल्या तिथे मरते, गोडवा राहून जातो आणि मद्यार्काचा टक्का विसाच्या आसपास जातो. ही पोर्ट. आपल्याकडच्या फडताळातले द्राक्षासव याच्या अगदी उलट. त्यात वरून काही घालत नाहीत, धायटीच्या फुलांच्या जोरावर जेवढा मद्यार्क आतल्या आत तयार होईल तेवढाच. बाटलीवर ‘स्वयंजनित’ असे लिहिलेले असते ते त्यासाठी. आसव जुने झाले की गुणाला चढते, असे शार्ङ्गधराने सांगून ठेवले आहे. म्हणजे जुन्याची ओढ काही युरोपाची मक्तेदारी नाही.

तर रविवारी रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी ती बाटली टेबलावर आली. काळपट काच, मानेवर कागदी पट्टी, लेबलवर भला मोठा २० चा आकडा आणि खाली ‘टॉनी’. मेहुण्यांनी चष्मा वर करून मागची बाजू वाचली. तिथे बारीक अक्षरात बाटलीबंद केल्याचे साल होते, २०२३. त्यांनी लगेच वजाबाकी केली. “म्हणजे २००३ ची.”

इथेच बहुतेक सगळे फसतात, आणि दोष आपला नाही, व्हिस्कीने लावलेल्या सवयीचा आहे. स्कॉचवर १२ लिहिले असेल तर त्यातला सगळ्यात तरुण थेंबसुद्धा बारा वर्षे लाकडात होता, असा कायदा आहे. पोर्टचा २० तसा नाही. वेगवेगळ्या सालांचे, काही विसाच्या आतले, काही तिशी ओलांडलेले असे माल एकत्र करून ती जुळवतात. मग नमुना पोर्तुगालच्या पोर्तो शहरातल्या सरकारी संस्थेकडे जातो. तिथले चाखणारे मंडळ ठरवते, की हा माल वीस वर्षे लाकडात मुरलेल्या पोर्टसारखा लागतो की नाही. म्हणजे हा जन्मदाखला नव्हे. ओळखीच्यांनी एखाद्याकडे बघून “साठीचे असतील” म्हणावे, तसा हा अंदाज आहे; फरक एवढाच, की अंदाज बांधणारे त्याचाच पगार घेतात आणि पटले नाही तर माल परत पाठवतात. मानेवरची कागदी पट्टी ही त्याच संस्थेची मोहोर. आकडेही मनाला येतील ते टाकता येत नाहीत. पूर्वी १०, २०, ३० आणि ४० एवढेच होते, अलीकडे ५० आणि ८० आले. २३ वर्षांची टॉनी असे काही लेबलवर दिसणार नाही.

टॉनी म्हणजे तपकिरीकडे झुकलेला रंग. लाकडाच्या पिंपात हवा थोडी थोडी आत जाते, वाइन थोडी थोडी उडून जाते, लाल रंग विटकरी होत जातो आणि चवीला सुकामेवा, संत्र्याची साल असे काही यायला लागते. रूबी नावाची पोर्ट हे सगळे टाळते. मोठ्या टाक्यांत राहते, लवकर बाटलीत जाते, लालच राहते. ‘रिझर्व्ह’ हा शब्द दोन्हींवर दिसतो. तो नेहमीच्या मालापेक्षा वरची प्रत सांगतो, वय सांगत नाही.

आता आकड्याऐवजी साल छापलेले असेल तर? मला सगळ्यात जास्त गंमत इथे वाटते. समजा दोन बाटल्या आहेत, दोन्हींवर २००३. एकीवर ‘कोल्येइता’ लिहिले आहे, दुसरीवर ‘व्हिंटेज’. द्राक्षे त्याच हंगामातली, कदाचित त्याच मळ्यातली. पण कोल्येइता कमीत कमी सात वर्षे पिंपात असायलाच हवी. बरेचजण वीसवीस वर्षे ठेवतात आणि मागणी येईल तशी भरतात, म्हणून तिच्यावर बाटलीबंद केल्याचे सालही लिहावे लागते. व्हिंटेज मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच बाटलीत बसते. तिचे खरे मुरणे काचेत, तेही विकत घेणाऱ्याच्या घरी. एक पोर म्हातारपणापर्यंत घरातच राहिले, दुसरे तिसऱ्या वर्षी वसतिगृहात गेले, जन्मसाल एकच. या दोघींच्या मधली एक ‘लेट बॉटल्ड व्हिंटेज’ असते, चौथ्या ते सहाव्या वर्षात भरलेली, आणि माझ्या मते पैशाला तीच सगळ्यात परवडते. व्हिंटेज दुकानातून आणून लगेच फोडणे म्हणजे कैरीचे लोणचे घातल्या दिवशी वाढणे.

स्पेनच्या हेरेस भागातल्या शेरीचा हिशोब आणखी निराळा. तिथे पिंपांच्या उतरंडी असतात. तळाच्या पिंपातून थोडी काढायची, तिथली तूट वरच्यातून भरायची, वरची त्याच्या वरच्यातून, आणि सगळ्यात वर नवा माल. याला सोलेरा म्हणतात. आपल्या घरात हे रोज चालते, त्याला आपण विरजण म्हणतो. आजचे दही कालच्या दह्यातून, कालचे परवाच्या. ‘सोलेरा १८४७’ नावाची एक प्रसिद्ध शेरी बाजारात आहे, तिच्यावरचे साल हे विरजण पहिल्यांदा लावल्याचे आहे. आतला माल १८४७ चा नाही. पणजीच्या विरजणाचे दही खाल्ले म्हणून कुणी पणजीच्या हातचे दही खाल्ले असे म्हणत नाही, पण बाटलीपुढे माणूस असे म्हणून बसतो.

खरे वय हवे असेल तर शेरीवर व्हीओएस किंवा व्हीओआरएस ही अक्षरे बघायची. पहिल्याचा अर्थ सरासरी वीस वर्षांच्या वर, दुसऱ्याचा तीस. ही पद्धत २००० साली आली. तिच्यात तज्ज्ञ चाखतात, कार्बन-१४ ची चाचणीही वापरतात आणि वर एक झकास अट आहे : वीस वर्षांची म्हणून एक लिटर विकायची असेल तर मागे किमान वीस लिटर शिल्लक ठेवायची. तिशीला तीस लिटर. आकडा खोटा ठरू नये म्हणून कोठार रिकामे होऊ द्यायचे नाही, हा बंदोबस्त मला कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा पक्का वाटतो.

मदेराबद्दल रायपुरात बसून लिहिताना थोडा घाम येतो. मदेरा हे अटलांटिकमधले बेट. तिथल्या वाइनची पिंपे जहाजावर चढून विषुववृत्त ओलांडून हिंदुस्थानापर्यंत येत आणि न विकलेली परत जात. परत आलेली चांगली लागते, हे लोकांच्या लक्षात आले आणि अशी प्रवास केलेली वाइन मुद्दाम मागवली जाऊ लागली. कारण होते जहाजाच्या तळघरातला उकाडा. आज जहाजाऐवजी साध्या प्रतीची मदेरा टाकीत घालून किमान तीन महिने ४५ ते ५० अंशांवर तापवतात. उंची माल मात्र कौलाखालच्या माळ्यावर पिंपात वर्षानुवर्षे शेकत ठेवतात. नौतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, आमचा पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा मला वाटते, आमच्या गच्चीवरच्या खोलीला बेटाचा दर्जा द्यायला हरकत नाही. मदेरावर ‘फ्रास्केइरा’ लिहिले असेल तर ती एकाच सालची आणि किमान वीस वर्षे लाकडात राहिलेली. उष्णतेने जे बिघडायचे ते आधीच होऊन गेलेले असते, म्हणून उघडल्यावरही ती महिनोन्‌महिने टिकते. पोर्टला ही सवलत नाही. रायपूरच्या मे महिन्यात ती माळ्यावर ठेवू नका.

आमच्या खिडकीत आणखी एक बाटली आहे, तिच्यात मनीप्लँट लावलेला आहे. गोव्याच्या सहलीतून आलेली. लेबल पाण्याने फुगले आहे, पण ‘पोर्ट वाइन’ हे शब्द, मद्यार्काचा टक्का, इशारा आणि पत्ता अजून वाचता येतो. वय कुठेच नाही, सालही नाही. गोव्यात पोर्तुगीज १९६१ पर्यंत होते, ते गेले आणि हा शब्द राहिला. गोव्याची पोर्ट बनते ती बहुतेक घाटावरून आलेल्या द्राक्षांची, गोड आणि स्वस्त. लग्नाबारशाला तिचे ग्लास फिरतात, पर्यटक दोन-दोन बाटल्या घेतात. तिच्या गोडव्याबद्दल माझी तक्रार नाही. पण डोरो नदीच्या खोऱ्यात १७५६ साली ज्या नावाची हद्द ठरवली आणि पुढे दगडी खुणा रोवून आखली, ते नाव कुठल्याही गोड लाल वाइनला लावले की वयाचे सगळे नियम त्या हद्दीतच राहतात. ऑस्ट्रेलियानेही वर्षानुवर्षे हेच केले आणि शेवटी युरोपशी केलेल्या, २०१० मध्ये लागू झालेल्या कराराने तो शब्द सोडला. खुद्द गोव्याला नावाची किंमत ठाऊक आहे. काजूच्या फेणीला त्याने २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून घेतले.

छत्तीसगडात २०१७ पासून दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळाच्या दुकानांतून होते. तिथल्या खिडकीवर जाऊन “भैया, एक कोल्येइता देना” म्हणायची माझी अजून हिंमत झालेली नाही. त्यामुळे या गावात जी पोर्ट दिसते ती कुणाच्या तरी सामानातून आलेली असते आणि आल्या दिवसापासून ‘खास प्रसंगासाठी’ कपाटात जाते. भाच्याचाही तोच बेत होता. “अजून दहा वर्षं ठेवू मामा, तिशीची होईल.”

मी त्याला बूच दाखवले. वर प्लॅस्टिकची टोपी असलेले, हाताने निघणारे आखूड बूच. टॉनीला बहुधा असेच असते, कारण पिंपातून बाहेर पडली त्या दिवशीच तिचे मुरणे संपलेले असते. बाटली उभी ठेवायची, उघडल्यावर फ्रीजमध्ये, आणि दीड-दोन महिन्यांत संपवायची. लांब, आत ठोकलेले बूच असलेली व्हिंटेज तेवढी आडवी ठेवून वाट बघण्यासारखी. ती उघडली की मात्र दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. २०२३ ला भरलेली वीस वर्षांची टॉनी २०३३ मध्येही वीस वर्षांचीच राहील, फक्त थोडी शिळी होईल. आम्ही ती दिवाळीत उघडणार आहोत.