टायर बदलले आणि अ‍ॅव्हरेज घसरलं

हायब्रिड गाडीवाल्यांची एक तक्रार बहुधा चाळीस-पन्नास हजार किलोमीटर झाले की सुरू होते. तोवर गाडी लिटरला २१-२२ किलोमीटर देत असते. टायर गुळगुळीत झाले म्हणून नवे चार बसवले जातात आणि पुढच्याच टाकीला डॅशबोर्डवरचा आकडा १९-२० वर येतो. मग बॅटरीवर संशय, इंजिनावर संशय, पेट्रोल पंपावर संशय. नव्या टायरांचा विचार मात्र कुणाच्या मनात येत नाही, कारण ते तर कोरे करकरीत आहेत. त्यांच्यात दोष कसा असेल?

दोष नसतोच. पण टायर इंधन खातो, आणि प्रत्येक टायरची भूक वेगळी असते. दुकानात आपण किंमत विचारतो, किती हजार किलोमीटर चालेल ते विचारतो, तो पेट्रोल किती खाईल हे विचारत नाही. साध्या गाडीत हे खपून जायचं. हायब्रिडमध्ये ते लगेच नजरेत येतं.

रबरी चेंडू हातातून खाली सोडला तर तो उसळून पुन्हा हातापर्यंत येत नाही. जमिनीवर तो दबतो, दबताना त्यात ऊर्जा साठते, पण सुटताना तो ती सगळी परत करत नाही. काही भाग रबराच्या आतच उष्णता होऊन जिरतो. टायरमध्ये हेच अखंड चालू असतं. ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडर या गाड्यांच्या टायरचं माप २१५/६० आर १७. त्याचा व्यास सुमारे ६९ सेंटीमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी दोन मीटरांहून थोडी जास्त पुढे जाते. ताशी ८० च्या वेगाला चाकाचे सेकंदाला दहा फेरे होतात. टायरचा प्रत्येक तुकडा सेकंदाला दहा वेळा रस्त्याला टेकून चपटा होतो, पुन्हा गोल होतो आणि दर वेळी थोडी ऊर्जा गमावतो. हायवेवरून ब्रेक फारसे न दाबता तासभर आलेल्या गाडीच्या टायरला हात लावून पाहा, गरम लागतो. ती ऊब टाकीतल्या पेट्रोलची असते.

या नुकसानीला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. प्रयोगशाळेत टायर एका मोठ्या पोलादी ड्रमवर ठरावीक भार देऊन दाबतात, ताशी ८० किलोमीटरने फिरवतात आणि त्याला फिरतं ठेवायला किती जोर लागतो ते मोजतात. निकाल टनामागे किलोत सांगता येतो. टनामागे १० किलो याचा अर्थ, एक टनाची गाडी सपाट रस्त्यावर नुसती चालती ठेवायला सतत १० किलो वजनाएवढा जोर. मोटारीचे उत्तम टायर साडेसहाच्या खाली उतरतात, खालच्या प्रतीचे साडेदहाच्या वर जातात. रुळावरून धावणारं पोलादी चाक एक-दोन किलोत भागवतं. मालगाडी इतकं ओझं इतक्या कमी इंधनात नेते त्यामागे हे मोठं कारण आहे.

आता गाडीचा हिशोब करू. माणसांसकट १,४०० किलोची गाडी आणि टनामागे १० किलोचे टायर धरा. सतत १४ किलोचा जोर लागेल. शंभर किलोमीटरला ही ऊर्जा साधारण १३.७ मेगाज्यूल होते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल असतात, पण चांगलं हायब्रिड इंजिनसुद्धा त्यातले ३५-४० टक्केच चाकापर्यंत पोचवू शकतं. म्हणजे शंभर किलोमीटरमागे जवळपास सव्वा लिटर पेट्रोल नुसतं टायर वाकवण्यात जातं. लिटरला २० किलोमीटर देणारी हायब्रिड शंभर किलोमीटरला एकूण ५ लिटर पिते. त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा टायरांचा.

तेवढ्याच वजनाच्या साध्या पेट्रोल गाडीला शहरात याच अंतराला आठ लिटर लागतात. तिचे टायरही साधारण सव्वा लिटरच खातात. बाकीचं सिग्नलला थांबून, ब्रेक मारून आणि इंजिन अर्धवट भारावर चालवून वाया जातं. हायब्रिडच्या इंजिनिअरांनी नेमक्या या गळत्या बुजवल्या. सिग्नलला इंजिन बंद होतं, ब्रेक लावताना मोटर जनरेटर होऊन ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत टाकते, इंजिन शक्यतो त्याच्या किफायतशीर टप्प्यातच चालतं. हवेचा विरोध आणि टायर या दोन गळत्या तेवढ्या उरल्या. टायरात जिरलेली उष्णता कोणतीही बॅटरी परत मिळवू शकत नाही. एक खुलासा इथे केलाच पाहिजे. हलका फिरणारा टायर लिटरच्या मापात दोन्ही गाड्यांत जवळपास सारखीच बचत करतो. हायब्रिडचा एकूण खर्चच कमी असल्यामुळे तिथे ती बचत टक्क्यात मोठी होते आणि डॅशबोर्डवर ठळक दिसते.

मग नवे टायर घातल्यावर अ‍ॅव्हरेज का घसरलं? याची तीन कारणं असतात आणि ती एकमेकांत मिसळलेली असतात. पहिलं कारण निव्वळ मोजमापाचं आहे. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. ती झिजून दोनवर आली की चाकाचा व्यास १२ मिलिमीटरने, म्हणजे पावणेदोन टक्क्यांनी घटतो. गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. झिजलेल्या टायरवर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त किलोमीटर दाखवत होता. नवे टायर आल्यावर तो फुगवटा गेला. लिटरला २२ किलोमीटरचे २१.६ एवढ्यानेच होतात, आणि गाडीत काहीही बिघडलेलं नसतं.

दुसरं कारण खरं आहे, पण कायमचं नाही. रोलिंग रेझिस्टन्सचा निम्म्याहून अधिक भाग रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या रबरात तयार होतो. नव्या टायरवर हे रबर भरपूर असतं, म्हणून वाकणंही जास्त. झिजत आलेला टायर नव्यापेक्षा सहज पाचव्या हिश्श्याने हलका फिरतो. तेव्हा जुन्या टायरांचं शेवटचं अ‍ॅव्हरेज आणि नव्यांचं पहिलं अ‍ॅव्हरेज यांची तुलना मुळातच रास्त नाही. तुलना करायची तर गाडी कोरी असतानाच्या आकड्याशी करावी.

तिसरं कारण आपल्या निवडीचं, आणि पैशाचा प्रश्न इथे आहे. कारखान्यातून येणारे टायर गाडी कंपनीने मुद्दाम कमी रोलिंग रेझिस्टन्सचे निवडलेले असतात, कारण जाहिरातीतलं अ‍ॅव्हरेज आणि सरकारी इंधन निकष दोन्ही त्यावर अवलंबून असतात. ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिडचा लिटरला २७.९७ किलोमीटरचा जाहीर आकडा चाचणीतला आहे आणि त्या चाचणीत टायरही सामील असतात. दुकानातला टायर मात्र बहुधा जास्त टिकावा किंवा स्वस्त पडावा म्हणून बनवलेला असतो. माप तेच असलं तरी आतलं रबर वेगळं असू शकतं.

टनामागे ८ किलोचा टायर जाऊन १० किलोचा आला, तर वरच्या हिशोबात शंभर किलोमीटरला पाव लिटर जास्त जातं. ४५ हजार किलोमीटरच्या आयुष्यात हे शंभर लिटरांच्या पुढे जातं. लिटरला शंभर रुपये धरले तरी दहा हजार रुपये झाले. चार टायरांवर दोन-तीन हजार वाचवल्याचा आनंद किती महागात पडला, ते या आकड्यावरून कळतं.

हलका फिरणारा टायर म्हणजे घसरणारा टायर, अशी एक समजूत अजून टिकून आहे. पूर्वी ती खरी होती. पकडीसाठी रबराने ऊर्जा शोषायला हवी आणि कमी इंधनासाठी ती शोषायला नको, असा हा पेच होता. तो सुटला रसायनशास्त्रामुळे. चाक फिरताना रबर सेकंदाला दहा-वीस वेळा वाकतं. पण ब्रेक मारल्यावर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणावरून घासताना त्याच रबराला सेकंदाला हजारो ते लाखो हादरे बसतात. मंद वाकण्याला लवचीक राहणारं आणि जलद हादऱ्यांना ऊर्जा शोषणारं रबर बनवता आलं, तर दोन्ही साधतं.

टायरला काळा रंग देणारी काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, रबराला बळकटी देते. पण तिचे कण एकमेकांना धरून जाळं करतात आणि प्रत्येक वाकण्यात ते तुटतं, जुळतं, तापतं. तिच्या जागी सिलिका घालण्याची कल्पना होती, अडचण एवढीच की सिलिका आणि रबर यांचं एकमेकांशी जमत नाही. सिलेन नावाच्या रेणूंनी हा प्रश्न सोडवला. त्यांचं एक टोक सिलिकाला आणि दुसरं रबराच्या साखळीला घट्ट जोडलं जातं. मिशेलिनने १९९२ साली असा टायर बाजारात आणला आणि पुढे बाकीच्या कंपन्या त्या वाटेने गेल्या. वाळूपासून मिळणारी ही सिलिका काही कंपन्या आता भाताच्या तुसाच्या राखेतूनही काढतात. पिकवणाऱ्याच्या दारातला कचरा इथवर पोचतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण सगळेच टायर असे नसतात. सिलिकाचं मिश्रण महाग पडतं. स्वस्तात रोलिंग रेझिस्टन्स कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे पकड कमी करणं, आणि जून ते सप्टेंबर ज्याला आंबा घाट नाहीतर खंबाटकी ओलांडायचा आहे, त्याने असा टायर फुकट मिळाला तरी घेऊ नये. युरोपात टायरवर श्रेणींचं लेबल असतं, त्यातल्या ओल्या रस्त्याच्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या श्रेणीत, ताशी ८० वरून थांबताना १८ मीटरपर्यंत फरक पडू शकतो. चार गाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढं हे अंतर आहे. इंधनाची श्रेणी एक पायरी खाली आली तर चालेल, ओल्या पकडीची येऊ देऊ नका. माझं मत इथे ठाम आहे.

ही माहिती मिळते कुठे? युरोपात २०१२ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक टायरला लेबल असतं. इंधन आणि ओली पकड या दोन्हींसाठी आता ए ते ई अशा पाच श्रेणी, शिवाय आवाज डेसिबलमध्ये. हायब्रिडचं इंजिन बंद असताना गाडीत टायरचाच आवाज भरून राहतो, म्हणून तो तिसरा आकडाही कामाचा. आपल्याकडे एआयएस-१४२ हे मानक आहे. रोलिंग रेझिस्टन्स, ओली पकड आणि आवाज या तिन्हींच्या मर्यादा त्यात आहेत आणि केंद्राने २०२२ मध्ये अधिसूचना काढून ते मोटारींच्या टायरांना लागू केलं. ही एआयएस मानकं पुण्याच्या टेकडीवरची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था प्रसिद्ध करते. फ्रिज आणि एसीवर तारे देणाऱ्या बीईईने टायरसाठीही ताऱ्यांची योजना ऐच्छिक स्वरूपात सुरू केली. पण मर्यादा पाळली म्हणजे किमान गाठलं, एवढंच. दोन टायरांत उजवा कोणता, हे तारे किंवा श्रेणीच सांगतात. टायरच्या नावात ‘इको’ किंवा ‘ग्रीन’ असणं हे मोजमाप नव्हे.

माप बदलण्याचा मोह टाळावा. रुंद टायर आणि मोठं अलॉय गाडीला शोभतं, पण वजन आणि हवेचा विरोध वाढतो. २१५/६० आर १७ च्या पुढे ९६ एच असं लिहिलेलं असेल, तर ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो भार आणि एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. बॅटरीचं वजन वागवणाऱ्या गाडीत भाराचा आकडा गाडी कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी घेऊ नये. टायरच्या कडेला ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार अंक पाहा. २३२५ असेल तर टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. गोदामात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर नवा म्हणून घेऊ नका.

आणि हवा. सगळ्यात चांगला टायरही हवा कमी असली की जास्त चपटा होतो, जास्त वाकतो, जास्त तापतो. चारही चाकांत एक पीएसआय हवा कमी झाली तर सुमारे ०.२ टक्के इंधन जास्त जातं. पाच-सहा पीएसआय कमी असलेल्या कितीतरी गाड्या रस्त्यावर असतात. त्या टक्का-सव्वा टक्का असाच घालवतात. समृद्धी महामार्गावर उन्हाळ्यात ताशी १२० ने तासन्‌तास जाताना कमी हवेचा टायर किती तापत असेल, याचा विचार करा. तिथे प्रश्न पेट्रोलचा राहत नाही, टायर फुटण्याचा होतो. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

नाशिकला, चाकणला, वाळूजला टायरचे कारखाने आहेत. टायर इथे बनतो, त्याचं मानक पुण्यातून निघतं, आणि विकत घेणाऱ्याला मात्र त्याची श्रेणी कळत नाही. ही माहिती ग्राहक मागत नाही तोवर दुकानात येणार नाही. पुढच्या वेळी टायर घ्यायला जाल तेव्हा भाव विचारण्याआधी त्याची इंधनाची आणि ओल्या पकडीची श्रेणी विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीकडून मागवायला सांगा आणि ती हातात पडल्यावरच टायर बसवा.