अडलेलं कोटेशन आणि सकाळी दहाचा मेसेज

कोटेशन देऊन महिना झालेला असतो. गिऱ्हाईक नाही म्हणत नाही आणि हो तर मुळीच म्हणत नाही. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात छतावरचं सोलर बसवून देणारा असो की नदीपलीकडे शिरोलीतला फौंड्रीवाला, प्रत्येकाच्या वहीत अशी नावं लोंबकळत असतातच. मग कोणीतरी सांगतं, ‘सॉफ्टवेअर लावून टाका, मेसेज आपोआप जातील, ऑर्डरी सुटतील.’ मेसेज आपोआप जातात हे खरं. ऑर्डरी सुटतात का, ही गोष्ट वेगळी, आणि तिच्याभोवती गैरसमजांचं रान माजलंय.

‘गिऱ्हाईक विसरलंय, आठवण केली की झालं’

सगळ्यात महागात पडणारा समज हाच. दीड-दोन लाखांच्या वस्तूची चौकशी केलेला माणूस ती विसरत नाही. तो कुठेतरी अडलेला असतो.

सोलरचंच घ्या. ‘पीएम सूर्यघर’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला तिच्यात ७८,००० रुपये अनुदान आहे. पण ते संच बसून, मीटर लागून, तपासणी झाल्यावर गिऱ्हाइकाच्या खात्यात येतं. तोवर पैसे त्यानेच उभे करायचे. कर्जाची सोय आहे, पण बँकेची फेरी चुकत नाही. दुसरी अडचण बावड्याच्या जुन्या गल्ल्यांत हमखास भेटते. घर चार भावांचं आणि वीजबिल अजून आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन मात्र कैक वर्षं झालेली. अर्ज वीजजोडणी ज्याच्या नावावर त्याने करायचा, म्हणजे आधी महावितरणकडे नाव बदलायचं आणि त्यासाठी बाकीच्या वारसांची संमती मिळवायची. अशा घरी ‘ऑफर फक्त आजपर्यंत!’ असा मेसेज गेला तर तो वाचून कोण काय करणार? त्याला नावबदलाच्या कागदांची यादी पाठवली, तर तो तुम्हाला फोन करील.

तिसरं कारण उसाचं. छत्रपती राजाराम साखर कारखाना बावड्यातच आहे आणि आसपासच्या कित्येक घरांचा मोठा पैसा उसाच्या बिलानेच येतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्षात तारीख पुढेमागे होते. ‘बिल आलं की बघूया की’ असं शेतकरी म्हणतो, तेव्हा तो टाळत नसतो. तो तुम्हाला तारीख सांगत असतो, फक्त कॅलेंडरमधली नाही. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर मात्र दुसऱ्या, पाचव्या, नवव्या दिवशी मेसेज टाकत राहतं. ऊस कधी तुटणार हे त्याने विचारलेलंच नसतं.

म्हणून यंत्राला शिकवायची पहिली गोष्ट मेसेजचा मजकूर नव्हे. प्रत्येक नावापुढे ‘कशावर अडलंय’ हा रकाना हवा आणि तो भरल्याशिवाय पुढचं काही चालू होता कामा नये. ‘विचार करतो म्हणाले’ हे या रकान्यात चालणार नाही. कागद, पैसा, घरातला माणूस, दर, दुसऱ्याचं कोटेशन, असं नेमकं काहीतरी लिहायचं. माहीत नसेल तर फोन करून विचारायचं. तो फोन यंत्राने करायचा नाही.

‘अडकवलंय गिऱ्हाइकानेच’

नेहमी नाही. फौंड्रीच्या धंद्यात नमुन्याचं कास्टिंग पुण्याच्या कंपनीत तपासणीला पडून असतं, तिथे वाट बघणं भाग आहे. पण ड्रॉइंगमधल्या एका मापाबद्दल त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला आपणच उत्तर दिलेलं नसतं, असंही बऱ्याचदा निघतं. अशा वेळी आपल्या कॉम्प्युटरवरून ‘आपल्या निर्णयाची वाट पाहत आहोत’ असं पत्र गेलं, तर समोरचा खरेदी अधिकारी काय म्हणेल ते न लिहिलेलं बरं. तेव्हा दुसरा रकाना ‘पुढचं काम कोणाचं’. काम आपलं असेल तर यंत्राने आपल्याच माणसाच्या मागे लागावं. माझ्या मते स्वयंचलनाचा निम्म्याहून जास्त फायदा इथेच आहे. गिऱ्हाइकाला सतावणारी यंत्रं पुष्कळ झाली, मालकाला सतावणारी कमी आहेत.

‘व्हॉट्सॲपवर सगळ्यांना एकदम टाकायचं’

व्हॉट्सॲपच्या साध्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. अडलेलं गिऱ्हाईक बहुधा त्यात नसतं. मग लोक चोरवाटेचे ‘बल्क सेंडर’ वापरतात. काही लोकांनी ‘रिपोर्ट’ दाबलं की नंबर बंद पडू शकतो. तोच नंबर दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर, गाडीवर रंगवलेला असतो, मग निस्तरत बसा.

रीतसर वाट म्हणजे व्हॉट्सॲपचा बिझनेस प्लॅटफॉर्म. तिथला नियम असा की, गिऱ्हाइकाने शेवटचा मेसेज केल्यापासून २४ तास तुम्ही मोकळेपणी उत्तर देऊ शकता. त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेला मजकूरच जातो, तोही त्या माणसाने संमती दिली असेल तर. अर्धवट राहिलेल्या खरेदीची आठवण तिथे ‘मार्केटिंग’मध्ये धरली जाते आणि तिला पैसे पडतात. पैसे पडतात हे एका अर्थी बरंच आहे. फुकट असलं की माणसाचा हात सैल सुटतो.

‘एसएमएसला कोण विचारतंय’

टेलिकॉमची नियामक संस्था ट्राय विचारते. २०१८ च्या नियमांनुसार व्यवसायाला टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी यंत्रणेत स्वतःची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची नोंद करावी लागते. साध्या दहा आकडी मोबाइलवरून जाहिरातीचे एसएमएस किंवा कॉल धडाधड करणाऱ्याची तक्रार १९०९ वर होते आणि नंबर तोडला जाऊ शकतो.

‘नंबर त्यानेच दिला, म्हणजे परवानगी आली’

कोटेशनसाठी दिलेला नंबर कोटेशनसाठी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. संमती देणं जितकं सोपं, मागे घेणंही तितकंच सोपं हवं, असं हा कायदा सांगतो. म्हणजे ‘नको’ एवढं लिहिलं की मेसेज थांबले पाहिजेत. आजची बरीच स्वस्त सॉफ्टवेअरं उत्तर वाचतच नाहीत. माणूस ‘दादा, आम्ही दुसऱ्याकडून बसवलं’ असं लिहितो आणि तीन दिवसांनी त्याला पुन्हा ‘निर्णय झाला का?’ येतं. घेताना कुठलाही आकर्षक डॅशबोर्ड बघण्याआधी एवढंच विचारावं, की उत्तर आलं की मेसेजची रांग आपोआप थांबते का?

‘महागडं सॉफ्टवेअर लागेल’

पन्नास-शंभर कोटेशनांना गूगल शीट पुरते. नाव, कोटेशनची तारीख, कशावर अडलंय, पुढचं काम कोणाचं, पुढची तारीख. शीटला ॲप्स स्क्रिप्टचा छोटा प्रोग्रॅम जोडला की रोज सकाळी ज्यांची तारीख आज आहे त्यांची यादी तुमच्याच ईमेलवर येते. डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय बावड्यातच आहे, तिथल्या एखाद्या होतकरू पोराला हे एका बैठकीत जमेल. यादी बघून फोन मालकाने करायचा. शंभराच्या पुढे गेलात, विक्रीला तीन-चार माणसं झाली, की मग सीआरएमसारख्या सॉफ्टवेअरचा विचार.

‘एकदा लावलं की बघायला नको’

हा समज चुकीचा आहे, हे बावड्यातल्या माणसाला पटवायची गरज नसावी. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. लोक गाद्या माळ्यावर टाकतायत, जनावरं हलवतायत, आणि फोनवर ‘सर, आपलं छत सोलरसाठी तयार आहे का?’ असा मेसेज आला तर त्या दुकानाचं नाव गल्लीत वर्षभर निघेल. सगळं एकदम थांबवणारं एक बटण हवं आणि ते दुकानातल्या दोघांना तरी दाबता आलं पाहिजे. पूर तर लांबच, गिऱ्हाइकाच्या घरात कोणी गेलं असेल तर त्याच्या नावापुढची तारीख हाताने पुढे ढकलायची असते. ही खबर यंत्राला कुठून कळणार?

‘सौदा उघडा ठेवावा, कधीतरी होईल’

उघडा ठेवलेला सौदा यादी फुगवतो आणि चालू सौदे त्याखाली दडपतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात प्रस्तावाला दिलेली मुदत संपली की तो आपोआप रद्द होतो. मुदत लिहिली नसेल तर ‘वाजवी’ काळानंतर. हा वाजवी काळ किती, यावर भांडत बसण्यापेक्षा कोटेशनवर तारीख छापावी. पिग आयर्न आणि भंगाराचा दर हलता असल्याने फौंड्रीवाल्यांना ती सवय असतेच. सोलर, फर्निचर, फॅब्रिकेशनवाल्यांनीही लावून घ्यावी. मुदतीच्या दोन दिवस आधी एक मेसेज यंत्राने जरूर पाठवावा: ‘हा दर अमुक तारखेपर्यंत आहे, त्यानंतर नव्याने काढून देऊ.’ यात खोटी घाई नाही आणि आर्जवही नाही. उत्तर नाही आलं तर सौदा बंद करायचा आणि बंद का झाला ते त्याच ओळीत लिहायचं.

गाळप सुरू होऊन उसाची बिलं निघायला लागली की त्या बंद ओळींतून ‘ऊस बिल’ कारण असलेल्यांची चाळणी लावावी. नाव बदलून मिळालं का, हे ‘वीजबिल आजोबांच्या नावावर’ असलेल्यांना विचारावं. ‘दर जास्त’ म्हणून गेलेल्यांना मात्र दर खरोखर उतरला असेल तरच फोन करावा.