शेजारी चार की आठ?

जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याच्या शिवाराचा उपग्रहाने टिपलेला नकाशा घ्या आणि संगणकाला विचारा, उसाचे फड किती? ‘ग्रास’ या नकाशांच्या आज्ञावलीतली आर-क्लम्प ही आज्ञा नकाशातल्या प्रत्येक घराचे मुळात चारच शेजारी धरते: वरचा, खालचा, डावा, उजवा. जीडीएएल या दुसऱ्या आज्ञावलीची लहान तुकडे गाळणारी चाळणीही चारचीच. फ्रॅगस्टॅट्स ही तिसरी मात्र कोपऱ्याचे चौघे धरून आठ मोजते. नकाशा तोच, हंगाम तोच, आणि तुकड्यांची संख्या वेगळी. हे ज्यांना किरकोळ वाटते त्यांच्याशी माझे भांडण जुने आहे आणि ते मिटवण्याची मला घाई नाही.

सोमवारच्या बैलबाजाराला आलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला हा प्रश्न कळतो. कोपऱ्याला कोपरा लागला म्हणून बांध सामाईक होत नाही. बांध कोरल्याच्या तक्रारी कडेच्या शेजाऱ्याविरुद्धच होतात. म्हणजे मालकीचा हिशेब चारचा. पण बिबट्याला बांधाशी काय देणेघेणे? कोपऱ्यातून तो एका फडातून दुसऱ्यात सहज शिरतो. त्याचा हिशेब आठचा. तेव्हा शेजारी किती धरायचे, हे तुकडे कशासाठी मोजतो आहोत त्यावर ठरते. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या मूळ पसंतीवर नव्हे.

याच मुलखातला दुसरा पेच कालव्याचा. येडगावहून निघणारा कुकडीचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंद्याकडे जातो, तो काही नकाशाच्या रेघोट्या पाहून जात नाही. साडेतेवीस मीटरचे एकेक घर, म्हणजे पिक्सेल, असलेल्या लिस-तीन या उपग्रह-प्रतिमेत तो तिरपा चालला की जेमतेम एका पिक्सेलची जिनेवजा ओळ उरते, कोपऱ्याला कोपरा लागलेली. चारच्या नियमाने कालव्याचा भुगा. आठच्या नियमाने कालवा अखंड. पण मग त्याच कोपऱ्यांतून अल्याडची आणि पल्याडची शेतेही एकमेकांना भिडतात! कालवाही अखंड आणि शेतेही जोडलेली, असे जमिनीवर कसे होईल? अझ्रिएल रोझेनफेल्ड यांनी 1970 मध्ये याचे उत्तर देऊन ठेवले: वस्तूला आठ शेजारी दिले तर पार्श्वभूमीला चारच द्या. एवढा साधा नियम पन्नास वर्षांनंतरही प्रबंधांत पाळला जात नाही.

रोझेनफेल्ड आणि फाल्ट्झ यांचा 1966 चा लेख हे या विद्येचे मूळपीठ. त्यातली दोन फेऱ्यांची पद्धत मला अजूनही सर्वांत देखणी वाटते. आलेखाचा कागद घ्या. पहिल्या ओळीत दुसऱ्या आणि पाचव्या घरात ऊस आहे. डावीकडून निघालात, दुसऱ्या घराला क्रमांक 1 मिळाला. पाचव्याच्या डावीकडे ऊस नाही, त्याला 2. दुसऱ्या ओळीत तसेच. वरच्याचा क्रमांक खालच्याने घ्यायचा. तिसऱ्या ओळीत दोन ते पाच ही सगळी घरे उसाची. दुसऱ्याला वरून 1, तिसऱ्या-चौथ्याला डावीकडून 1. पाचव्या घराशी अडला गाडा: डावीकडून 1 येतो, वरून 2. घराला 1 द्यायचा आणि बाजूच्या वहीत नोंद करायची, ‘2 म्हणजेच 1’. नकाशा संपला की दुसरी फेरी, वही पाहून क्रमांक बदलत. झाले. आमच्या पिढीने हे खरोखर पेन्सिलीने केले, मग फोरट्रानमध्ये, आणि त्या यंत्रांत स्मृती इतकी तुटपुंजी की अख्खा नकाशा एकदम उघडायची सोय नव्हती. या पद्धतीला तशी गरजही नाही. वरची ओळ आणि हातातली ओळ एवढेच पुरते.

1976 मध्ये होशेन आणि कोपेलमन या दोघांनी हीच युक्ती पाझराच्या प्रश्नाला लावली, आणि तिथे चार-आठचा तंटा आकड्यांत आला. चौकटींच्या अफाट पटावर घरे वाटेल तशी भरत गेलात, तर चारच्या नियमाने सुमारे 59.3 टक्के भरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग तुकडा तयार होतो. आठच्या नियमाने सुमारे 40.7 टक्क्यांवरच. समजा, 45 टक्के शिवार असे विखरून उसाखाली आहे. एका नियमाने तो आरपार सलग, दुसऱ्याने नुसत्या चिंध्या! ऊस असा वाटेल तसा पसरत नाही, पाण्याच्या कडेने पसरतो, हे खरे. म्हणून हे आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत. पण धोका किती मोठा, ते कळते.

पुढच्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. वहीतल्या नोंदी झटपट जुळवण्याचा हिशेब टार्जन यांनी 1975 मध्येच बसवला होता. नंतर आल्या त्या बहुतेक नव्या नावाच्या जुन्या पद्धती.

खरी दुर्दशा चाळणीने केली. ठरावीक आकड्यापेक्षा लहान तुकडे शेजारच्या सर्वांत मोठ्या तुकड्यात विरघळवायचे, म्हणजे नकाशा ‘स्वच्छ’ दिसतो. आता 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतले मोठ्यात मोठे तळे घ्या: 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद. लँडसॅट उपग्रहाच्या 30 मीटर पिक्सेलमध्ये ते चार घरांच्या सांध्यावर आले तर प्रत्येकात पाव-पाव पाणी, आणि एकही घर पाण्याचे ठरत नाही. सेंटिनेल-2 च्या दहा मीटरमध्ये फार तर नऊ घरे. चाळणीचा आकडा दहा ठेवला की तळे गायब. आणे पठाराकडच्या कोरड्या पट्ट्यात ज्या तळ्यावर डाळिंबाची बाग तगते, ते आमच्या स्वच्छतेच्या हौसेत बुजते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही नियमाला दाद देत नाही. बेल्ह्याहून आणे घाटाकडे जाताना गुळुंचवाडीजवळ ओढ्यावर निसर्गाने घडवलेला दगडी पूल आहे. वरून दोन्ही काठ जोडलेले, खालून ओढा वाहता. एका घरात एकच किंमत मावणाऱ्या नकाशात हे बसायचे कसे? पूल दाखवला तर ओढा तुटतो, ओढा दाखवला तर काठ तुटतात. चार म्हणा, आठ म्हणा. विद्यार्थ्यांना मी तो पूल आधी दाखवतो, संगणक नंतर.

शहाणपण हवे असेल तर फार लांब जायला नको. खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या 150 मेगाहर्ट्झवरच्या आकाश-सर्वेक्षणाची 2017 मध्ये प्रसिद्ध झालेली यादी सुमारे 6 लाख 20 हजार स्रोतांची. आकाशाचा नकाशाही पिक्सेलचाच, आणि स्रोत शोधायचे म्हणजे सलग उजळ घरांची बेटे शोधायची. त्यासाठीच्या आज्ञावलीत दोन उंबरठे असतात: बेटात निदान एक घर खात्रीने उजळ हवे, मग त्याला लागून असलेली जरा मंद घरेही बेटात येतात. ऊस ओळखताना हेच करावे, असे मी सांगत आलो. खात्रीच्या घरापासून सुरुवात करा आणि संशयिताला शेजार पाहून आत घ्या. आमचे ‘आधुनिक’ मित्र यावर हसतात. त्यांच्या मते यंत्राला पुरेशी उदाहरणे दाखवली की शेजाराचा प्रश्नच उरत नाही. यंत्राने रंगवलेल्या नकाशातही तुकडे शेवटी मोजावेच लागतात, हे ते सोयीस्कर विसरतात.

हल्ली मोजणीही परस्पर होते. गूगल अर्थ इंजिनमध्ये सलग घरे मोजण्याला 1024 ची मर्यादा आहे. दहा मीटरच्या घरांत ती 10.24 हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वापंचवीस एकर. कालव्याकाठचा सलग ऊस त्यापुढे सहज जातो. ही मर्यादा कागदपत्रांत लिहिलेली आहे, वाचतो कोण? मोठ्यात मोठा तुकडा नेमका 1024 घरांचा आला तरी कोणाची भुवई उंचावत नाही. तीच गत नकाशाच्या तारखेची. जुन्नर-आंबेगावात बिबट्याची मादी उसात पिले घालते आणि तोडीच्या वेळी ती सापडतात. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू झाला की हिवाळाभर उसाचे हे तुकडे आठवड्या-आठवड्याला बदलतात. पिंजरा कुठे लावायचा याच्या चर्चेत आपला नकाशा कोणी पुढे करणार असेल, तर तो कोणत्या तारखेचा, हे तरी विचारायला नको का?

तेव्हा या विषयावर नकाशे छापणाऱ्यांना माझी विनंती एवढीच: सूचीखाली तीन ओळींची जागा ठेवा. शेजारी चार धरले की आठ, किती घरांखालचे तुकडे गाळले, आणि प्रतिमा कोणत्या तारखेची. ज्या नकाशावर या तीन ओळी नाहीत, तो परत पाठवा.